व्यवहारातील कोडी आणि अंशलक्षी अर्थविचाराचे अध्यापन

१

अंशलक्षी अर्थशास्त्राचे अध्यापन हे पुष्कळ अंशी आकृत्यांचे अध्यापन होऊन बसले आहे, ही तक्रार जुनी आहे. परंतु जुनी झाल्याने ती निराधार ठरत नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी समवृत्ती वक्र बिनचूक काढतो, सीमांत उत्पन्न व सीमांत खर्च यांचा छेदनबिंदू दाखवितो, मक्तेदाराच्या समतोलाची सिद्धता न अडखळता लिहितो. त्याच विद्यार्थ्याला सुट्या पैशांऐवजी वाणी गोळी का देतो, किंवा एकाच बाजारात सराफांची दुकाने एकमेकांना लागून का असतात, असे विचारले म्हणजे तो सामान्य गिऱ्हाइकाच्या पातळीवरून उत्तर देऊ लागतो. शिकलेले शास्त्र आणि पाहिलेला व्यवहार यांच्यामध्ये जी भिंत उभी राहते, ती पाडण्याचा एक उपाय म्हणून गेल्या काही दशकांत व्यवहारातील कोडी वर्गात मांडण्याची पद्धती पुढे आली आहे. या पद्धतीचे गुण कोणते, तिच्यात धोका कोणता, आणि ती कोणत्या अटीवर स्वीकारावी, याचा विचार होणे अवश्य आहे.

रोग केवळ विद्यार्थ्यांपुरता मर्यादित नाही, हे प्रथमच ध्यानात घेतले पाहिजे. पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी २००५ साली फिलाडेल्फिया येथे भरलेल्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांच्या वार्षिक संमेलनात १९९ जणांपुढे एक साधे उदाहरण ठेवले. एका गायकाच्या जलशाचे तिकीट फुकट मिळाले आहे. ते विकता येत नाही. त्याच रात्री दुसऱ्या गायकाचा जलसा आहे. त्याचे तिकीट ४० डॉलरचे असून ते ऐकण्यासाठी ५० डॉलरपर्यंत देण्याची तयारी आहे. अन्य कोणताही खर्च नाही. तर पहिल्या जलशाला जाण्याचा वैकल्पिक खर्च किती? उत्तरासाठी ०, १०, ४० व ५० असे चार पर्याय दिले होते. अपेक्षित उत्तर १० डॉलर; कारण दुसरा जलसा सोडल्याने ५० डॉलरचे समाधान गमावले जाते, पण ४० डॉलर वाचतात. हे उत्तर देणारे शेकडा २१·६ निघाले. डोळे मिटून चारांपैकी एका पर्यायावर बोट ठेवले असते, तरी शेकडा २५ जणांचे उत्तर बरोबर येणे संभवनीय होते.

या प्रयोगाचा उल्लेख सामान्यतः अध्यापनाच्या अपयशाचा पुरावा म्हणून केला जातो. परंतु २०१२ साली जोएल पॉटर व शेन सँडर्स यांनी त्यावर जो आक्षेप घेतला तो अधिक बोधप्रद आहे. वैकल्पिक खर्चाची व्याख्या पाठ्यपुस्तकांत एकसारखी नाही. सोडलेल्या पर्यायाचे स्थूल मूल्य धरावे की निव्वळ, याविषयी ग्रंथकारांत एकवाक्यता नाही. आणि कोणती व्याख्या घेतली यावर चारही उत्तरांचे समर्थन करता येते, असे त्यांनी दाखविले. हा आक्षेप मान्य केला, तर कोड्यामुळे विद्यार्थ्याचे अज्ञान उघडे पडले असे म्हणण्यापेक्षा शास्त्रातील एक अस्पष्ट जागा उघडी पडली असे म्हणावे लागते. कोड्याचे खरे सामर्थ्य येथेच दिसते. कोडे हे उत्तर घोकून घेण्याचे साधन नव्हे. आपण काय गृहीत धरले आहे हे उघड करावयास लावणारे ते साधन आहे.

२

ही पद्धती वर्गात रुजविण्याचे श्रेय मुख्यतः कॉर्नेल विद्यापीठातील प्रा. रॉबर्ट फ्रँक यांना दिले पाहिजे. स्वतः पाहिलेल्या एखाद्या घटनेविषयी वा प्रथेविषयी एक मनोवेधक प्रश्न विचारावा आणि अर्थशास्त्रातील तत्त्वाच्या आधारे पाचशे शब्दांच्या आत त्याचे उत्तर लिहावे, असा स्वाध्याय ते विद्यार्थ्यांना देत असत. लेखनात गणिती चिन्हांचे अवडंबर नको, आणि ज्याने हे शास्त्र कधी शिकलेले नाही अशा नातलगालाही ते समजावे, अशी त्यांची अपेक्षा होती. या स्वाध्यायांतून 'दि इकॉनॉमिक नॅचरलिस्ट' हा त्यांचा ग्रंथ २००७ साली सिद्ध झाला. निसर्गाभ्यासक ज्याप्रमाणे रानातील प्राण्याची शिंगे पाहून त्यांचे प्रयोजन शोधतो, त्याप्रमाणे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने बाजारातील चालीरीती पाहाव्यात, ही या नावामागील कल्पना होय.

या पद्धतीचे गुण उघड आहेत. थोड्या तत्त्वांचा अनेक वेळा वापर करावा लागल्याने ती तत्त्वे अंगवळणी पडतात. प्रश्न विद्यार्थ्याचा स्वतःचा असल्याने उत्तराविषयी त्याला आस्था वाटते. शिवाय साध्या भाषेत लिहावे लागत असल्याने परिभाषेच्या आड लपण्याची सोय राहत नाही. मराठी माध्यमातून अर्थशास्त्र शिकणाऱ्याला तर हा तिसरा गुण विशेष मोलाचा वाटावा. पारिभाषिक संज्ञांची जोडाक्षरे पाठ केली म्हणजे विषय समजला, असा भ्रम त्याच्या वाट्याला जितका येतो तितका क्वचितच कोणाच्या वाट्याला येत असेल.

तथापि याच ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध कोडे बारकाईने तपासले म्हणजे पद्धतीतील दुबळेपणाही नजरेस येतो. मोटारीतून न उतरता पैसे काढता यावेत यासाठी अमेरिकेत जी एटीएम यंत्रे असतात, त्यांच्या कळफलकावर ब्रेल लिपीचे ठिपके का असतात? मोटार चालविणारा मनुष्य अंध असणे शक्य नाही. उत्तर असे की, पायी येणाऱ्यांसाठीच्या यंत्रांवर हे ठिपके लागतातच. दोन प्रकारचे कळफलक तयार करून त्यांचे साठे निराळे सांभाळण्यापेक्षा सर्व यंत्रे एकाच नमुन्याची करणे स्वस्त पडते. एकाच साच्यातून अधिक नग काढण्याचा लाभ या उत्तरातून चांगला समजतो.

परंतु अपंग नागरिकांच्या हक्कांविषयी अमेरिकेत १९९० साली कायदा झाला व त्याखालील नियमांनी अशा यंत्रांवर अंधांची सोय करणे बंधनकारक केले. भाड्याच्या मोटारीत मागे बसलेला अंध मनुष्य त्या यंत्राचा उपयोग करू शकतो, हेही तितकेच खरे. या आक्षेपाचा उल्लेख प्रा. फ्रँक यांनी स्वतःच प्रांजळपणे केला आहे. त्यावर त्यांचे उत्तर असे की, ठिपके बसविण्याचा खर्च मोठा असता तर असा नियम मुळात झालाच नसता. वरवर पाहता हे उत्तर समर्पक वाटते. पण त्याचा परिणाम काय होतो तो पाहावा. कारखानदाराने ठिपके आपण होऊन बसविले, तर खर्च कमी हे कारण. कायद्याने बसवावे लागले, तरी खर्च कमी हेच कारण. वस्तुस्थिती दोहोंपैकी कोणतीही निघाली तरी उपपत्ती अबाधित राहते. जी उपपत्ती कोणत्याही वस्तुस्थितीने बाधित होत नाही ती वस्तुस्थितीविषयी काहीच सांगत नाही, हा तर्कशास्त्रातील पहिला पाठ होय. विद्यार्थ्यांची उत्तरे अंतिम न मानता पुढील तपासणीस योग्य अशा तात्पुरत्या उपपत्ती म्हणून पाहावीत, असे फ्रँक यांचेही म्हणणे आहे. उणीव आहे ती एवढीच, की ती तपासणी स्वाध्यायाचा भाग झालेली नाही. पाचशे शब्द संपतात तेथे काम संपते.

३

कोड्याचे उत्तर खोलवर नेले म्हणजे काय साधते, याचे उत्तम उदाहरण स्टीव्हन लँड्सबर्ग यांच्या १९९३ सालच्या 'दि आर्मचेअर इकॉनॉमिस्ट' या ग्रंथात सापडते. चित्रपटगृहात मक्याच्या लाह्या, म्हणजे पॉपकॉर्न, इतके महाग का? आत शिरलेल्या प्रेक्षकाला दुसरे दुकान नाही, मालकाची मक्तेदारी आहे, म्हणून महाग, हे उत्तर कोणीही देईल. लँड्सबर्ग यांचे म्हणणे असे की हे उत्तर अपुरे आहे. प्रेक्षक दारातून आत येण्यापूर्वीच लाह्यांचा भाव जाणून असतो. लाह्या महाग केल्या तर तिकिटासाठी तो तितके कमी देण्यास तयार होईल. मग मालकाला लाभ तो कोणता?

हा युक्तिवाद आकड्यांनी पाहणे सोयीचे होईल. दोन प्रेक्षक आहेत असे समजू. पहिल्याला चित्रपटाचे मोल २५० रुपये व लाह्यांचे १०० रुपये वाटते; दुसऱ्याला चित्रपटाचे २०० रुपये वाटते आणि लाह्या नकोत. लाह्यांचा खर्च २० रुपये. लाह्या २० रुपयांना विकून दोघांनाही आत घ्यावयाचे तर तिकीट २०० रुपयांहून अधिक ठेवता येत नाही. मालकाच्या हाती ४०० रुपये राहतात. फक्त पहिल्यालाच घ्यावयाचे ठरविले, तर तिकीट ३३० रुपयांपर्यंत चढविता येईल, पण हाती येतात तेवढेच ३३०. याउलट तिकीट २०० व लाह्या १०० रुपये ठेवल्या, तर खर्च वजा जाता ४८० रुपये राहतात. अधिक संतोषाधिक्य असलेल्या प्रेक्षकाला ओळखून त्याच्याकडून अधिक वसूल करण्याचे लाह्या हे साधन बनते. हाच मूल्यभेद होय.

आता संबंध उलटा करावा. लाह्या खाणाऱ्याला चित्रपटाचे मोल १५० रुपयेच वाटते, आणि न खाणाऱ्याला २५०. लाह्या १०० रुपयांना विकल्या तर तिकीट १५० रुपयांवर आणावे लागते व मालकाला ३८० रुपये उरतात. लाह्या २० रुपयांना दिल्या तर तिकीट २३० रुपयांपर्यंत नेता येते व ४६० रुपये उरतात. म्हणजे मक्तेदारी तीच, प्रेक्षक तितकेच, तरी लाह्या स्वस्त ठेवणे हिताचे ठरते. मक्तेदारी आहे एवढ्यावरून भाव ठरत नाही. कोणत्या प्रकारचा प्रेक्षक लाह्या घेतो यावर तो ठरतो. हा निष्कर्ष वर्गात स्वतःच्या हाताने काढणाऱ्या विद्यार्थ्याला मूल्यभेदाची संकल्पना पुन्हा समजावून सांगावी लागत नाही.

परंतु या टप्प्यावर कोडे सुटले असे मानले, तर मोठी चूक होईल. युक्तिवादाने एवढेच सांगितले की, लाह्या महाग असण्यासाठी लाह्या खाणाऱ्यांची चित्रपटाची ओढही अधिक असली पाहिजे. ती तशी आहे की नाही, हे खुर्चीत बसून कळणार नाही. गिल व हार्टमन यांनी स्पेनमधील चित्रपटगृहांची आकडेवारी घेऊन २००९ साली हे तपासले. प्रेक्षक थोडे असतात त्या वेळी दरडोई खाद्यखरेदी अधिक असते, असे त्यांना आढळले. गर्दी नसतानाही येणारा प्रेक्षक हा चित्रपटाची ओढ अधिक असलेला, असे धरले म्हणजे हा पुरावा मूल्यभेदाच्या बाजूचा ठरतो. अर्थात गर्दी नसताना रांगही लहान असते व म्हणून खरेदी वाढते, असा दुसरा अर्थ लावणे शक्य आहे. तो वेगळा काढल्याखेरीज पुराव्याचे वजन ठरत नाही. अशा शंका काढणे हा पांडित्याचा खेळ नव्हे. विद्यार्थ्याने शिकावयाचे ते नेमके हेच.

मुंबईच्या चित्रपटव्यवसायाकडे पाहिले म्हणजे याच कोड्याचे तिसरे उत्तर समोर येते. तिकिटाच्या उत्पन्नात वितरकाचा वाटा असतो, खाद्यपदार्थांच्या उत्पन्नात नसतो. हिंदी चित्रपटांचे निर्माते व बहुपडदा चित्रपटगृहांचे मालक यांच्यात २००९ साली एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत जो झगडा चालला, तो याच वाटणीवरून. तडजोडीने पहिल्या आठवड्यात शेकडा ५०, दुसऱ्यात ४२·५, तिसऱ्यात ३७·५ व चौथ्यात ३० असा उतरता वाटा ठरला. निम्मे उत्पन्न वाटून द्यावे लागणाऱ्या मालकाला तिकिटातील एक रुपयापेक्षा लाह्यांतील एक रुपया अधिक प्रिय असणे स्वाभाविक आहे; त्यासाठी प्रेक्षकांत काही भेद असण्याची आवश्यकताच नाही. चौथी गोष्ट कायद्याची. बाहेरचे खाद्य आत आणू न देण्याचा मालकांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला; पिण्याचे पाणी मात्र विनामूल्य पुरविले पाहिजे असे सांगितले. कोड्यात जी मक्तेदारी निसर्गदत्त असल्यासारखी गृहीत धरली जाते, ती वास्तविक एका नियमावर उभी आहे आणि त्या नियमावर महाराष्ट्रातही वाद झालेला आहे. या चारही गोष्टी फळ्यावर लिहून त्यांतील कोणती किती खरी हे कसे ठरवावे, असे विचारल्यावर खऱ्या अर्थविचाराला आरंभ होतो.

४

कोडे वर्गाबाहेर नेले म्हणजे काय घडते, याचे अर्थशास्त्राच्या इतिहासातील उदाहरण मधमाश्यांचे आहे. जेम्स मीड यांनी १९५२ साली बाह्य लाभाची संकल्पना स्पष्ट करण्यासाठी सफरचंदाच्या बागा व मधमाश्या यांचे उदाहरण घेतले. बागायतदार झाडे वाढवितो, त्यांच्या फुलांतील मध शेजाऱ्याच्या माश्या नेतात. त्याची किंमत बागायतदाराला मिळत नाही. म्हणून झाडे समाजाच्या दृष्टीने हवी तितकी लावली जात नाहीत. ही उणीव सरकारने कर व अनुदान यांनी भरून काढावी. उदाहरण इतके सुबक होते की, ते खरे आहे का हे विचारण्याची गरज दीर्घकाळ कोणास भासली नाही.

स्टीव्हन चेउंग यांनी ती गरज ओळखली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य हा सफरचंदांचा प्रसिद्ध मुलूख. तेथील मधपाळ व बागायतदार यांच्याकडे त्यांनी प्रत्यक्ष चौकशी केली आणि १९७३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही पक्षांत करार होतात, काही लेखी, काही तोंडी. पेट्यांचे दर ठरलेले असतात. ज्या पिकापासून भरपूर मध मिळतो तेथे मधपाळ जागेचे भाडे देतो, आणि ज्या पिकाला परागीभवन हवे पण मध थोडा, तेथे बागायतदार मधपाळाला मोबदला देतो. सफरचंद या दुसऱ्या प्रकारात मोडते. त्याच्या फुलांपासून विकण्याजोगा मध फारसा मिळत नाही. म्हणजे ज्या उदाहरणावर बाजाराच्या अपयशाचा धडा उभारला, त्यात बाजार तर होताच, शिवाय पैसा उलट दिशेने वाहत होता. त्याच सुमारास, १९७४ साली, रोनाल्ड कोस यांनी दीपगृहाविषयी हाच प्रश्न विचारला आणि इंग्लंडमधील दीपगृहांचा खर्च बंदरात येणाऱ्या जहाजांकडून शुल्करूपाने वसूल होत असल्याचे दाखविले. ज्या शास्त्राचे समतोल केवळ फळ्यावर अस्तित्वात असतात त्याला 'फळ्यावरचे अर्थशास्त्र' असे उपहासाने म्हणण्याचा अधिकार कोस यांना अशा कामामुळे प्राप्त झाला होता.

यावरून बाह्य परिणाम नसतातच, किंवा करारांनी ते सर्वत्र मिटतात, असा अर्थ काढणे हा दुसऱ्या टोकाचा अतिरेक होय. चेउंग यांच्या पाहणीतील माश्या पेटीत राहणाऱ्या व मालमोटारीतून हलविता येणाऱ्या होत्या. रानातील माश्यांशी करार करता येत नाही. दीपगृहाचे शुल्कही सरकारने दिलेल्या अधिकारावाचून वसूल होत नव्हते. तेव्हा शिकावयाचे ते एवढेच, की एका सुबक गोष्टीच्या जागी दुसरी सुबक गोष्ट बसविणे म्हणजे विचार नव्हे.

५

मराठी विद्यार्थ्याला अशी चौकशी करावयाची तर दूर जावयास नको. अर्थशास्त्रातील एक विख्यात कोडे फळांच्या बाजारातलेच आहे. वॉशिंग्टन राज्यातील एका ग्राहकाने १९७५ साली सिॲटलच्या वृत्तपत्राकडे तक्रार केली, की जेथे सफरचंदे पिकतात तेथेच चांगली सफरचंदे का मिळत नाहीत? या तक्रारीची चर्चा बोर्चर्डिंग व सिल्बरबर्ग यांनी १९७८ साली केली. तिचे उत्तर मात्र आर्मेन अल्चियन व विल्यम ॲलन यांच्या १९६४ सालच्या 'युनिव्हर्सिटी इकॉनॉमिक्स' या पाठ्यपुस्तकात आधीच आलेले होते. रत्नागिरी वा देवगडच्या मनुष्याने हापूसविषयी हीच तक्रार केली, तर कोणास नवल वाटणार नाही.

अल्चियन व ॲलन यांचा युक्तिवाद असा. उत्तम आंबा डझनाला ८०० रुपये व साधा ४०० रुपये आहे असे समजू. बागेजवळ एक डझन उत्तम आंबा घेणारा दोन डझन साध्या आंब्यांचा त्याग करतो. मुंबईस नेण्याचा खर्च दोहोंना डझनामागे १०० रुपये पडला, तर तेथील भाव ९०० व ५०० होतात. त्याग आता १·८ डझनांचाच राहतो. उत्तम आंबा मुंबईत तुलनेने स्वस्त झाला. म्हणून मुंबईत त्याचा खप तुलनेने अधिक होईल. रुपयांतील भाव वाढला असताना सापेक्ष भाव उतरतो, ही या कोड्यातील खुबी होय. गूल्ड व सेगल यांनी १९६९ साली दाखविले, की ग्राहकापुढे दोनच वस्तू नसून इतरही असतात हे मानल्यावर हा निष्कर्ष अपरिहार्य राहत नाही. उलट हमल्स व स्कीबा यांनी २००४ साली आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या आकडेवारीतून त्याला पाठबळ देणारा पुरावा पुढे आणला. तात्पर्य, हा प्रश्न तर्काने मिटणारा नाही. त्या त्या मालाची पाहणी करूनच तो सोडविला पाहिजे.

पाहणीला आरंभ केला की पहिलीच अडचण गृहीतकातच निघते. हापूसची वाहतूक डझनावर नव्हे, पेटीवर आकारली जाते. मोठे फळ पेटीत चार-पाच डझन मावते, लहान फळ सात-आठ डझन. म्हणजे मोठ्या फळाला डझनामागे वाहतूक अधिक पडते व सापेक्ष भावाचा युक्तिवाद त्या प्रमाणात लुळा पडतो. एकाच आकाराच्या निर्दोष व डागी फळांना मात्र तो पुरेपूर लागू होतो. दुसरी गोष्ट अशी की, लहान व डागी फळांना कोकणातच कॅनिंगचे गिऱ्हाईक असते. ते फळ मुंबईस जात नाही याचे कारण मुंबईच्या ग्राहकाची आवड नसून रसाच्या कारखान्याची मागणी असू शकेल. तिसरी गोष्ट उत्पन्नातील तफावतीची; मुंबईत महाग आंबा परवडणारी घरे अधिक आहेत, एवढेही कारण पुरेसे असू शकेल. आणि चौथी गोष्ट उचलीची. पुष्कळ बागायतदार हंगामापूर्वी वाशीच्या बाजारातील अडत्यांकडून उचल घेतात. मग माल त्याच गाळ्यावर पाठविणे प्राप्त होते. येथे माल वाहतो तो सापेक्ष भावाच्या ओढीने नव्हे, तर कर्जाच्या बंधनाने.

या उपपत्ती एकमेकींपासून वेगळ्या काढणे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. सापेक्ष भावाची उपपत्ती खरी असेल, तर एकाच आकाराच्या निर्दोष व डागी फळांच्या भावांचे गुणोत्तर रत्नागिरीपेक्षा वाशीत कमी आढळले पाहिजे. हंगामातील काही आठवडे दोन्ही ठिकाणचे भाव टिपले म्हणजे ते कळेल. उत्पन्नाची उपपत्ती खरी असेल, तर तितक्याच अंतरावरच्या पण कमी उत्पन्नाच्या गावी जाणाऱ्या मालात उत्तम फळाचे प्रमाण कमी निघेल. उचलीची उपपत्ती खरी असेल, तर उचल घेतलेल्या व न घेतलेल्या बागायतदारांच्या मालाची विभागणी निराळी दिसेल. आणि कॅनिंगचा परिणाम मोठा असेल, तर कारखान्यांची खरेदी सुरू होण्यापूर्वीचे व नंतरचे आठवडे यांत फरक पडेल. उत्तर कोणतेही येवो. ते विद्यार्थ्याने मिळविलेले असेल.

कोणती उपपत्ती निवडली याने काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. वर्गात कोडे सांगून सापेक्ष भावाचे एकच उत्तर शिकविले, तर उचलीचा व्यवहार दृष्टीआड होतो. बाजारात जे चालले आहे ते खर्च व भाव यांच्या स्वाभाविक न्यायाने चालले आहे, असा समज दृढ होतो. पुढे हाच विद्यार्थी सहकारी संस्थेत, बँकेत किंवा पणन खात्यात काम करू लागला, म्हणजे बागायतदाराला हंगामापूर्वी कर्ज मिळण्याची सोय हा प्रश्न त्याला सुचणारच नाही. उलट, सर्व दोष अडत्याचा असे पढविलेल्या विद्यार्थ्याला अडत्या जोखीम उचलतो व पैसा आगाऊ पुरवितो, ही गोष्ट दिसणार नाही. तयार उत्तराचे दोन्ही प्रकार सारखेच घातक आहेत.

६

या विवेचनातून अध्यापनासाठी काही सूचना निघतात. स्वाध्यायाचे चार भाग असावेत. पहिल्या भागात विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेली वस्तुस्थिती, स्थळ, काळ व भाव यांसह नोंदवावी. दुसऱ्यात तिची उपपत्ती द्यावी. तिसऱ्यात त्याच वस्तुस्थितीची किमान एक प्रतिस्पर्धी उपपत्ती तितक्याच सहानुभूतीने मांडावी. चौथ्यात दोहोंचा निवाडा करणारे निरीक्षण कोणते, आणि ते काय निघाले असता आपली उपपत्ती सोडून द्यावी लागेल, हे लिहावे. निम्म्याहून अधिक गुण शेवटच्या दोन भागांना ठेवावेत. गुणांची वाटणी ही गौण बाब नव्हे. विद्यार्थी श्रम कोठे करील हे तीच ठरविते, आणि प्रलोभनांचा परिणाम मानणाऱ्या शास्त्राच्या अध्यापकांनी हे विसरता कामा नये.

आक्षेप येतील. वर्ग मोठे आहेत, अभ्यासक्रम लांब आहे, बाह्य परीक्षेत ठराविक प्रश्न येतात. हे सर्व खरे आहे. पण वर्षभरात वीस कोडी उत्तरासह सांगण्यापेक्षा दोन कोडी शेवटपर्यंत नेणे वेळेच्या दृष्टीनेही महाग पडत नाही. अधिक गंभीर आक्षेप असा की, सिद्धांताची बैठक पक्की नसता विद्यार्थ्याला बाजारात पाठविले, तर तो केवळ किस्से गोळा करून आणील. हा धोका नाकारता येत नाही. लाह्यांच्या उदाहरणातील आकडेमोड ज्याला येत नाही, त्याला स्पेनमधील आकडेवारीतून काय शोधावयाचे हेही कळणार नाही. म्हणून कोडी ही आकृत्यांच्या जागी नव्हे, तर आकृत्यांच्या पुढे यावयाची आहेत. आणखी एक धोका मार्गदर्शिकांचा. कोडे लोकप्रिय झाले, की त्याचे आदर्श उत्तर छापले जाणार आणि परीक्षेत तेच उतरणार. यावर उपाय एकच: प्रश्न दरवर्षी विद्यार्थ्याच्या गावच्या बाजारातून यावा. एका हंगामात टिपलेले भाव पुढच्या हंगामाच्या उत्तरात खपविता येत नाहीत.

महाराष्ट्रात ही दृष्टी परकी नाही. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली आणि अवघ्या तीन वर्षांत, १९३३ साली, पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी तिने प्रसिद्ध केली. धनंजयराव गाडगीळ हे तिचे एक लेखक होते. तेव्हा कोड्यांची मौज नव्हती. पण फळ कोठून येते, कोणाच्या हातून जाते, प्रत्येक हाताला काय मिळते, हे प्रश्न बाजारात जाऊन विचारले गेले. नव्या पद्धतीने विद्यार्थ्याच्या मनात कुतूहल उत्पन्न केले, हे तिचे ऋण मान्य करावे. त्या कुतूहलाला पाहणीची जुनी शिस्त लावण्याचे काम विद्यापीठातील विभागांनी अंगावर घ्यावे. हापूसचा हंगाम मार्च ते मे असा असतो, आणि परीक्षाही त्याच सुमारास येतात. अभ्यासक्रमाची आखणी करणाऱ्यांनी या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे या पद्धतीपुढील पहिले व्यावहारिक कोडे ठरेल.